कौतुकात मिळालेली गाडी

सेड्रिक हॅलम यांना खोटं बोलायची सवय नव्हती. ते इंग्लंडचे असल्यामुळे त्यांना फक्त चांगलं बोलायची सवय होती. तिकडे पाणीपुरवठ्याच्या एका कचेरीत त्यांनी आयुष्यभर लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिली. आठवडाभर नळ कोरडा राहणार, ही बातमीसुद्धा ते अशा शब्दांत कळवत की काही लोक उलट टपाली आभार मानत. निवृत्त झाल्यावर ते बायकोला घेऊन फ्रान्समधल्या शांतमर्ल या खेड्यात येऊन राहिले. सवयही सोबत आली. सीमेवर सामान तपासणाऱ्यांनी तिला अडवलं नाही, हा त्यांचा हलगर्जीपणा.

कारण शांतमर्लमध्ये कौतुकाची रीत निराळी आहे. तिथे माणूस खालचा ओठ पुढे काढतो, खांदे किंचित उडवतो आणि म्हणतो, "वाईट नाही." झालं. याच्यावरची पदवी गावात नाही. चर्चमधला आठशे वर्षांचा दगडी देवदूत वाईट नाही. पोस्टमनच्या बायकोने रांधलेला ससा वाईट नाही. एकदा एका नवरीलाही हा मान मिळाला होता, आणि तिच्या सासरचे लोक अजून तो सांगतात. अशा गावात हॅलमसाहेब अकरा वर्षं 'अप्रतिम' आणि 'केवळ अप्रतिम' करत हिंडत होते. लोकांचा त्यांच्यावर राग नव्हता. लोक त्यांच्या बोलण्याकडे हवामानासारखं बघत. आहे ते आहे, छत्री असली म्हणजे झालं.

शेजारच्या फेर्नांची गोष्ट घ्या. फेर्नां हे निवृत्त पोस्टमन. घरी हिरव्या अक्रोडांची दारू करत. पहिल्याच वर्षी त्यांनी ती हॅलमसाहेबांना त्यांच्याच घरी येऊन पाजली. साहेबांनी एक घोट घेतला, डोळ्यांतलं पाणी आवरलं आणि म्हणाले, "अविस्मरणीय." यात तसं खोटं काही नव्हतं. मग फेर्नां बाटलीचं बूच शोधायला वळले, तेवढ्यात साहेबांनी उरलेला पेला खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत रिकामा केला. कुणी पाहिलं नाही, याची त्यांना खात्री होती. तेव्हापासून दर नाताळात फेर्नां एक बाटली न चुकता आणून देत, आणि दर वसंतात साहेबांच्या पत्नी मॉरीनबाई बाजारातून नवीन जिरेनियम आणत.

तर अशा या हॅलमसाहेबांनी एका सकाळी मादाम शासान्य यांची शिडी परत करायला जायचं ठरवलं. सगळं त्या शिडीपासून सुरू झालं.

मादाम ओदेत शासान्य ऐंशीच्या पुढच्या. नवरा एमे जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. कमी बोलायच्या, आणि बोलल्या की गावाचं बोलणं थांबायचं. त्यांनी शिडी ठेवायला गोठ्यामागच्या कोठाराचं दार उघडलं. आत वाळलेल्या गवताच्या ढिगाखालून एका काळ्या मोटारीचं तोंड बाहेर आलेलं होतं. कित्येक वर्षांमागच्या कुठल्या तरी पावसाळ्यातला चिखल अजून चाकांवर असावा. नाकाड्यावर पितळेचा सिंह, आणि मागच्या सीटवर एक कोंबडी.

आता एखाद्या बाईच्या घरी तिच्या दिवंगत नवऱ्याची मोटार दिसली, तर इंग्लिश माणसाने काय करावं? गप्प बसावं, हे उत्तर आपल्याला सुचतं. त्यांना सुचत नाही. हॅलमसाहेब म्हणाले, अहाहा, पूजो 203, काय देखणी आहे. म्हणाले, अशी गाडी ज्याच्याकडे आहे तो खरा भाग्यवान. मादाम काहीच बोलेनात, तेव्हा ती शांतता भरून काढण्यासाठी ते आणखी एक वाक्य बोलले. अशा गाडीसाठी माणूस काय वाटेल ते करील, असं ते वाक्य होतं.

मादामने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॅलमसाहेब दाढी करत असताना अंगणात ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरमागे दोरखंडाला बांधलेली मोटार होती आणि मोटारीत कोंबडी होती. शेजारी चालत फेर्नां आले होते, कारण गावात कुठलीही वस्तू इकडची तिकडे होताना फेर्नांनी शेजारी चालायचं, अशी पोस्टमनकीपासूनची पद्धत होती.

मॉरीनबाई दारात आल्या. त्यांनी मोटारीकडे पाहिलं, मग अर्ध्या दाढीच्या नवऱ्याकडे.

"सेड्रिक," त्या म्हणाल्या, "काल तू काय बोललास?"

"काही नाही गं. जरा कौतुक केलं."

"कितपत?"

साहेबांनी मान खाली घातली, त्यावरून बाईंना प्रमाण कळलं.

साहेब फेर्नांना बाजूला घेऊन म्हणाले की गैरसमज झालाय, मादामचा उपकार फार मोठा आहे, पण गाडी परत न्यावी हे बरं. फेर्नांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग समजुतीच्या स्वरात सांगितलं की असं करता येणार नाही. या गाडीसाठी पॅरिसहून व्यापारी येऊन गेले होते. त्यांनी वाकून गंज पाहिला, टपावर टिचक्या मारल्या आणि भाव विचारला. मादामने एकेकाला कुत्रा दाखवला. एमे गेल्यानंतर त्या गाडीला कुणी चांगला शब्द बोललं नव्हतं. काल प्रथम कुणी तरी बोललं.

"आणि आता ती परत पाठवली," फेर्नां म्हणाले, "तर गावाला कळेल की तुमच्या बोलण्याला काही अर्थ नसतो. तसा गावाला संशय आहेच. पण खात्री नाही."

मादामची एकच अट होती. पंधरा ऑगस्टला मेरीमातेचा सण. त्या दिवशी सगळं गाव डोंगरावरच्या लहान चर्चला जातं, मग तिथेच गवतावर जेवतं. एमे बायकोला दर वर्षी याच गाडीतून वर नेत. यंदा हॅलमसाहेबांनी न्यावं. जमलं नाही तर राग नाही, गाडी पुतण्याला जाईल. पुतण्या म्हणजे बोर्दोचा लुदोव्हिक. तो हॉटेलं सजवायचा. जुन्या मोटारी मधोमध कापून त्यांच्या मागच्या भागाचा सोफा करायचा, ही त्याची खासियत. पुढच्या भागाचं काय करतो, हे कुणी विचारायला धजलं नव्हतं. पैशांबद्दल साहेबांनी दोनदा विचारलं. मादामने दोन्ही वेळा ऐकलं नाही.

सण यायला अजून एक उन्हाळा होता. हॅलमसाहेबांनी बाह्या सरसावल्या आणि मागचं दार उघडलं. कोंबडीने त्यांना टोच मारली.

तिचं नाव जोझेफिन, आणि ती अंड्यांवर बसलेली होती. मादामने निरोप पाठवला की पिल्लं निघेपर्यंत तिला हलवायचं नाही. त्यामुळे जीर्णोद्धार पुढच्या बाजूनेच सुरू करावा लागला. साहेब इंजिनाशी झटापट करत आणि मागून जोझेफिन त्यांच्या चुकांवर मत देत असे. मॉरीनबाई सुरुवातीचे आठ दिवस मोटारीकडे बघत नव्हत्या. मग त्या कोंबडीला दाणे द्यायला जाऊ लागल्या. मग बसायला पाट घेऊन जाऊ लागल्या. मग एक दिवस साहेबांनी पाहिलं, तर त्या पुढच्या सीटवर बसून फाटलेल्या गादीचं माप घेत होत्या.

"कोंबडीसाठी रे," त्या म्हणाल्या. "तिला वाऱ्याचा त्रास होतो."

गावातले पुरुष संध्याकाळी येत. जेवणाआधीच्या पेयाची वेळ झाली की एकेक करून उघड्या इंजिनाभोवती उभे राहत आणि हात पाठीमागे बांधून आत पाहत. विहिरीत पडलेल्या माणसाकडे पाहावं तसं. प्रत्येकाकडे सल्ला होता. फेर्नांचं म्हणणं, टाकीत अक्रोडाची दारू घालावी, गंज सुटतो. याबद्दल साहेबांच्या मनात शंका नव्हती, पण गंजाबरोबर टाकीही सुटेल अशी भीती होती. गावाचे पाव भाजणारा नानवाई म्हणाला, बॅटरीला रात्री ऊब हवी; त्याने ती भट्टीशेजारी ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी गावाच्या पावाला चमत्कारिक वास आला. पाव कसा आहे, असं त्याने विचारल्यावर हॅलमसाहेब 'धाडसी' म्हणाले.

पण सल्ले संपले की ही माणसं वेगळंच बोलू लागत. नानवाईचा जन्म या गाडीत झाला होता. डोंगराच्या वळणावर, दवाखान्याला पोचायच्या आधी. एमेंनी तशीच गाडी वळवून बाळासकट आईला घरी आणलं, कारण आता दवाखान्यात जाऊन करायचं काय? फेर्नांची सायकल बर्फात रुतली त्या थंडीत सगळ्या गावाचं टपाल याच गाडीतून वाटलं गेलं. एकाने तर सांगितलं की गावात पहिल्यांदा केळं आलं ते या गाडीच्या पुढच्या सीटवर बसून आलं. एमे दर सकाळी त्या सिंहाच्या नाकाला बोट लावून मगच गाडी चालू करत. म्हणून बाकी सिंह काळवंडलेला आणि नाक तेवढं पिवळंधमक होतं.

हे सगळं ऐकता ऐकता हॅलमसाहेबांचं काही तरी बिनसलं. एका सकाळी त्यांनी नुसतं दार उघडून लावलं. जाडजूड पुस्तक मिटावं तसा आवाज आला. त्यांनी पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मोठं बारीक सुकाणूचक्र, हस्तिदंती रंगाच्या गुंड्या, मांडीवर बसलेल्या मांजरासारखं गोल झालेलं बॉनेट, हे सगळं कुणी तरी घाई न करता बनवलेलं होतं. वळायची खूण करायला दिवा नव्हता. दोन दारांमधल्या खाचेतून एक लहानसा पिवळा हात बाहेर यायचा. गाडीने हात दाखवून वळावं, या कल्पनेत त्यांना विलक्षण सभ्यपणा वाटला. 'अप्रतिम' हा शब्द त्यांच्या ओठांवर आला. आणि आयुष्यात प्रथमच तो वापरावासा वाटला नाही. खूप वापरलेला वाटला.

पिल्लं निघाली, सात. इंजिनही त्याच आठवड्यात खोकलं.

मग कागद. फ्रान्समध्ये मोटार चालू करणं सोपं आहे. ती आपली आहे हे सरकारला पटवणं अवघड. गाडी एमेंच्या नावावर, एमे नाहीत, तेव्हा सर्व वारसांच्या सह्या हव्यात. कचेरीची खिडकी कायमची बंद झालेली, सगळं संगणकावर. संगणकाने विचारलं, गाडीचा मालक उपस्थित आहे का? हॅलमसाहेबांनी 'नाही' वर बोट ठेवलं. संगणक म्हणाला, मालकाने स्वतः अर्ज करावा. साहेबांनी संगणकाला उद्देशून एक अत्यंत नम्र पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. शेवटी मादामच्या ओळखीचा वकील भेटला आणि त्याने सांगितलं, सह्या मिळवा, बाकी मी बघतो.

सही मिळवणं म्हणजे जेवायला जाणं. पुतणी एक, पुतणे दोन. कुणाच्याही घरी चीज येईपर्यंत कामाचं बोलायचं नसतं, आणि चीज यायला दुपार उतरते. पुतणीकडे बदक झालं, थोरल्या पुतण्याकडे आणखी एक बदक झालं, आणि साहेबांच्या पँटचं वरचं बटण कामातून गेलं. उरला लुदोव्हिक. तो स्वतःच शांतमर्लला आला, हॅलमांच्या अंगणात. गाडीभोवती एक चक्कर मारली, टेप काढला, मागच्या दारापासून बंपरपर्यंत मोजलं आणि सोफा कसा दिसेल हे हातांनी हवेत काढून दाखवलं. लाल मखमल लावणार होता. मग म्हणाला, काकूची हौस भागेपर्यंत, सणापर्यंत, गाडी तुमची. तुम्हाला ती फिरवायची आहे ना, फिरवा. नंतर मागचा भाग मला. काय म्हणता?

आयुष्यात कुठल्याही कल्पनेला हॅलमसाहेबांचा इतका विरोध झाला नव्हता. तो त्यांनी जन्मभराच्या शिकवणीप्रमाणे सर्वांत कडक शब्दांत व्यक्त केला.

"फारच रंजक कल्पना आहे," ते म्हणाले. "मी नक्की विचार करतो."

इंग्लंडात एवढ्यावर माणसं कायमची अबोला धरतात. लुदोव्हिकने हसून त्यांचा हात हातात घेतला, कागदांवर सही केली आणि पंधरा ऑगस्टला टेम्पो घेऊन येतो म्हणून सांगितलं.

"तू त्याला 'नाही' का म्हणाला नाहीस?" मॉरीनबाईंनी विचारलं.

"म्हणालो की," साहेब म्हणाले. "अगदी तोंडावर."

लुदोव्हिकला पत्र लिहून खुलासा करावा, असं त्यांनी ठरवलं. मसुदा तयारही झाला. मॉरीनबाईंनी वाचून सांगितलं की हे वाचून तो दुसरा सोफाही मागेल.

तेवढ्यात ऑगस्ट लागला आणि ऑगस्टमध्ये फ्रान्स बंद असतं. गाडीची तपासणी झाल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही, आणि तपासणी केंद्राच्या दारावर पाटी: वार्षिक सुटी. हॅलमसाहेब त्या पाटीसमोर रांग लावून उभे राहिले. एकटेच होते, पण रांगेत उभे राहिले, कारण दुसरं काय करावं हे त्यांना सुचेना. फेर्नांना मात्र सुचलं. तपासनीस नदीकाठी तंबू ठोकून मासे धरतो आणि त्याची आई मादामबरोबर शाळेत होती, हे त्यांना ठाऊक होतं. मादामने आईला फोन केला. दुसऱ्या दिवशी तपासनीस चप्पल आणि अर्ध्या चड्डीत, चेहऱ्यावर अन्याय घेऊन, केंद्राचं कुलूप उघडायला आला.

गाडी पाहून त्याचा अन्याय उतरला. दोन्ही ब्रेक त्याने उगाचच दुसऱ्यांदा तपासले. आसनाखाली अंडं सापडलं ते जपून बाजूला ठेवलं. दोष एकच निघाला, उजवा पिवळा हात बाहेर यायचा पण आत जायचा नाही. तपासनिसाने बराच वेळ नियमांचं पुस्तक चाळलं. हात बाहेर आला पाहिजे, एवढंच त्यात होतं. त्याने शिक्का मारला, आणि जायच्या आधी, इकडेतिकडे बघून, सिंहाच्या नाकाला बोट लावलं.

पंधरा ऑगस्टला मादाम शासान्य निळा झगा घालून आल्या आणि मागच्या सीटवर बसल्या. मॉरीनबाईंनी शिवलेली नवी गादी, त्यावर जोझेफिनचं एक पीस राहून गेलेलं. ते मादामने उचलून पर्समध्ये ठेवलं. साहेबांनी नाकाला बोट लावलं आणि गाडी निघाली, आयुष्यभर उजवीकडे वळायच्या बेतात असल्यासारखी, हात बाहेर काढून. मागून सगळं गाव. वळणावर नानवाईने, आपल्या जन्मस्थळी, टोपी काढली. चढ खडा होता. एकदा इंजिन दबलं, तेव्हा मागून मादाम पहिल्यांदा बोलल्या.

"दुसऱ्या गिअरला घाबरू नका. तो ओरडतो, पण करतो."

त्याने केलं.

वर झाडाखाली लाल टेम्पो उभा होता आणि त्याला टेकून लुदोव्हिक. प्रार्थना झाली, गवतावर चादरी पसरल्या, आणि मग तो हातात दोर घेऊन सगळ्यांदेखत आला. मस्यो हॅलम, म्हणाला, ठरल्याप्रमाणे.

मादाम पाव कापत होत्या, त्यांची सुरी थांबली. हॅलमसाहेब उठले. त्यांच्या डोक्यातून 'कदाचित', 'माझ्या मते' आणि 'आपली हरकत नसेल तर' ही वाक्यं रांगेने पुढे आली, आणि रांग कशी मोडायची हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी सिंहाच्या पिवळ्या नाकाकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले.

"पण तुम्ही तर म्हणालात, फारच रंजक."

"आमच्याकडे त्याचा अर्थ 'नाही' असाच होतो."

लुदोव्हिकने खांदे उडवले. "मग हे आधी सांगायचं ना," तो म्हणाला. "एवढं डिझेल जाळलं." आणि दोर टाकून बदकाच्या डब्याकडे वळला. न चिडता. हॅलमसाहेबांना हाच धक्का मोठा बसला. साठ वर्षं ज्या शब्दाला ते घाबरत होते, तो उच्चारून पाच मिनिटं झाली तरी आभाळ जागच्या जागी होतं.

पण आता फेर्नां विचारात पडले होते. पोस्टमनच्या डोक्यात एकदा पत्ता घुसला की घर सापडेपर्यंत तो थांबत नाही. ते सावकाश उठले.

"मस्यो हॅलम, माझी अक्रोडाची दारू. अविस्मरणीय म्हणाला होतात."

मॉरीनबाईंनी डोळे मिटले.

"वाईट आहे," हॅलमसाहेब म्हणाले. "फारच वाईट आहे, फेर्नां. घसा जळतो आणि दुसऱ्या दिवशी दातांना रंग राहतो."

मादामने सुरी खाली ठेवली.

"आणि गाडी?" त्यांनी विचारलं.

आता सगळे हॅलमसाहेबांकडेच बघत होते. त्यांनी नेहमीच्या सवयीने तोंड उघडलं, आणि मिटलं.

"ब्रेक उशिरा लागतो," ते म्हणाले. "उजवा हात आत जात नाही. तेल गळतं. कोंबडीचा वास अजून येतो आणि तो जाईल असं वाटत नाही. चढावर माझा जीव तीनदा गेला." ते थांबले. "मी ती कुणाला देणार नाही."

मादाम शासान्य यांनी गाडीकडे पाहिलं.

"एमेही असंच सांगायचे," त्या म्हणाल्या. "कोंबडीचं सोडून." मग त्यांनी खालचा ओठ पुढे काढला, खांदे किंचित उडवले आणि पावाचा मोठा तुकडा साहेबांसमोर धरला. "गाडी चालवलीत ती वाईट नाही."

चादरींवरून हे वाक्य मागच्यांपर्यंत पोचलं, आणि नानवाई आपली टोपी शोधू लागला, पुन्हा काढायला.

फेर्नां आपल्या टोपलीकडे गेले. तिथून बाटली काढली, दोन पेले काढले, काठोकाठ भरले, आणि एक हॅलमसाहेबांच्या हातात देऊन त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले.

"घ्या," ते म्हणाले. "इथे कुंडी नाही."